तुझीच आहे

२ मार्च

प्रिय धाकटे,

दादाचं पत्र आलं म्हणजे त्याला काहीतरी हवं असणार, असं तू पाकीट फोडायच्या आधीच मेहुण्यांना सांगितलं असशील. बरोबर आहे. दोन गोष्टी हव्या आहेत.

पहिली पुस्तकासाठी. 'असणं' या विषयावरचं माझं पुस्तक तिसऱ्या प्रकरणात रुतून बसलंय. विद्यापीठातली पोरं मला पाठीमागे 'आहेसर' म्हणतात, हे तुझ्या कानावर आलंच असेल. पश्चिमेकडच्या विचारवंतांनी दोन-अडीच हजार वर्षं एकाच प्रश्नावर डोकं आपटलं. एखादी वस्तू काय आहे हे सांगून झालं, तरी ती 'आहे' म्हणजे नेमकं काय? समज, खुर्ची लाकडी आहे, तपकिरी आहे, डुगडुगणारी आहे. या यादीत 'आणि ती आहे' असं लिहिलं तर खुर्चीत काय भर पडली? काहीच नाही. ते खोडलं तर मात्र खुर्चीच जाते. आपल्याकडच्या लोकांनी उलट बाजूने हात घातला. ते म्हणाले, खुर्ची, टेबल, तू, मी ही नुसती नावं आणि आकार. खरं तेवढं असणं. मडकी शंभर, माती एक.

हे सगळं मला इतर भाषांत झकास लिहिता येतं. मराठीत बसलो की वाक्यं खांबासारखी ताठ होतात. तर तू मला रोजच्या बोलण्यातली 'आहे'ची वाक्यं जमवून पाठव. तुझ्या दुकानात कवळ्या करून घ्यायला दिवसभर माणसं येतात आणि तोंडात साचा नसेल तेव्हा बोलतातही.

दुसरी गोष्ट भिंगरीची. थोरला शिकायला गेला आणि घर खायला उठलं. तुझी वहिनी संध्याकाळी त्याच्या खोलीत जाऊन दिवा न लावता बसते. भिंगरीला सुट्टी लागली की थोडे दिवस मामाकडे पाठव. घरात जरा आवाज होईल.

तुझा
दादा


९ मार्च

दादा,

वाक्यं पाठवते, पण पुस्तकात माझं नाव घालायचं नाही. इथल्या गिऱ्हाइकांनी वाचलं तर तोंड उघडायची बंद होतील आणि माझा धंदा बसेल.

परवा एक आजोबा आले. मी विचारलं, "दात आहेत का?" म्हणाले, "आहेत, पण घरी आहेत." दुसरं, एका बाईंच्या यजमानांनी माप दिलं आणि कवळी तयार व्हायच्या आत ते गेले. त्या बाई काल न्यायला आल्या. मी म्हटलं, राहू दे हो. तर म्हणाल्या, "ते नाहीत, पण त्यांचे दात तर आहेत ना? द्या." कागदात बांधून दिले. यातून तुझं तत्त्वज्ञान काय निघतं ते तू बघ. मला त्या दिवशी मेण नीट कापता आलं नाही एवढं खरं.

तिसरं वाक्य भिंगरीचं. हल्ली ती शाळेतून आली की माझ्या शेजारी स्टुलावर बसून दात निवडते. पिवळट एका डबीत, पांढरे दुसऱ्या डबीत. निवडता निवडता विचारते, "आई, मी झोपले की मी असते का?" मी म्हटलं, असतेस की, मी बघते ना. तेवढ्यावर तिचं समाधान झालं. तुझं झालं नसतं.

तिला पाठवते. हे स्वतः आणून सोडतील. ती जेवायला फार वेळ लावते, तिच्यावर ओरडू नका. झोपताना दाराची फट उघडी लागते. डाव्या पायातला बूट नेहमी सुटतो, स्वतःला बांधता येत असला तरी ती तुला बांधायला लावेल.

आणि एक, दादा. तिला जन्म वहिनींनी दिला हे तिला अजून माहीत नाही. ती मोठी झाली की तू आणि मी मिळून सांगायचं, असं आपलं ठरलंय. तोवर तुम्ही मामा-मामी. वहिनींना हे पुन्हा सांगायची गरज नसावी, त्या शहाण्या आहेत. पण मला लिहिल्याशिवाय राहवलं नाही. दवाखान्यातल्या त्या खोलीत तू तिला दुपट्यासकट माझ्या मांडीवर ठेवलंस आणि "ही तुझीच आहे" म्हणालास, तेव्हापासून मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे एवढं सांभाळ.

तुझी
धाकटी


२१ एप्रिल

प्रिय धाकटे,

स्वारी छान रुळली आहे. पहिले दोन दिवस दाराशी घोटाळत होती, आता जिन्यावरून धडाधड खाली-वर चालू असतं. तुझी वहिनी तिच्यामागे पळून हल्ली चक्क हसते.

तुझी वाक्यं म्हणजे घबाड आहे. 'आहेत, पण घरी आहेत' हे मी वर्गात सांगितलं, पोरं पाच मिनिटं शांत होईनात. आणि तुझ्या पत्रामुळे एक गोष्ट लक्षात आली. आपल्या भाषेत एखादी गोष्ट जवळ असण्यासाठी वेगळं क्रियापदच नाही. 'मला मुलगी आहे.' म्हणजे मुलगी आहे, आणि ती मला आहे. पश्चिमेकडे जवळ बाळगणं वेगळं आणि असणं वेगळं. आपल्याकडे जे आपलं असतं ते नुसतं 'असतं'. या एका मुद्द्यावर माझं अर्धं प्रकरण उभं राहिलंय.

आपल्या जुन्या लोकांनी प्रत्येक वस्तूत पाच अंश सांगितले आहेत. ती आहे, ती भासते, ती प्रिय आहे, आणि वर नाव व रूप. शेवटचे दोन बदलतात, गळून पडतात. पहिले तीन कधी जात नाहीत. वेळ मिळाला की यावर सावकाश लिहीन.

हो, भिंगरीच्या शाळेचा दाखला पाठवून दे. इथे पोहण्याचा वर्ग आहे, वयाचा पुरावा मागतात.

दादा


२८ एप्रिल

दादा,

दाखला सोबत आहे. शाळेतले कारकून म्हणाले, पोहायला कोणी हा दाखला मागत नाही, हा शाळा सोडल्याचा असतो. मी म्हटलं, आमच्या दादाचं गाव मोठं आहे, तिथे सगळ्याला कागद लागतो. तुझ्यासाठी मी त्या माणसाशी हुज्जत घातली.

खालच्या औषधवाल्यांकडून तुला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तू म्हणालास की ती खेळायला गेलीय. खेळू दे. पण एकदा तिला फोनजवळ थांबवून ठेव. घरात मला नको इतकं ऐकू येतं हल्ली. नळ गळतो ते ऐकू येतं, ह्यांनी कुशी बदलली ते ऐकू येतं.

तिसरं प्रकरण झालं का? ते पाच अंश मी ह्यांना समजावून सांगितले. हे म्हणाले, कवळीला पाचही लागू आहेत, फक्त प्रिय व्हायला महिना लागतो.

शाळा जूनच्या पंधरा तारखेला उघडते. त्याआधीच्या रविवारी हे घ्यायला येतील. तिच्यासाठी नवीन दप्तर आणलंय, सांगू नकोस.

धाकटी


७ मे

प्रिय धाकटे,

हे पत्र शांतपणे, बसून वाच. मेहुण्यांनाही जवळ बसव.

भिंगरीला आम्ही इथल्या शाळेत घातलं आहे. मेहुण्यांनी तिला न्यायला येऊ नये. दाखला त्यासाठीच मागितला होता. तुला आधी सांगितलं असतं तर तू पाठवला नसतास, म्हणून पोहण्याचं कारण सांगावं लागलं. तुझ्या वहिनीची अवस्था तू पाहिली नाहीस. तिच्या जिवाचं काही बरंवाईट होण्यापेक्षा हा मार्ग मला बरा वाटला.

तिला आम्ही खरं काय ते सांगितलं. पोर समजूतदार आहे. थोडी रडली, मग गप्प झाली. आता ती आम्हाला आई-बाबा म्हणायला शिकते आहे. तू तिची आत्या. तू म्हणशील, एवढी मोठी गोष्ट तू एकट्याने कशी केलीस. पण नीट विचार कर. आई, आत्या, मामा, बाबा ही नावं आहेत. तिच्यावरची तुझी माया आहे तिथेच आहे, तिला कोणी हात लावलेला नाही. नावाने असण्यात फरक पडत नाही, हे तर मी जन्मभर शिकवत आलो.

दवाखान्यातल्या त्या वाक्याची आठवण तू मार्चमधल्या पत्रात दिली होतीस. मी त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. 'ही तुझीच आहे' यातल्या 'आहे'चे निदान तीन अर्थ होतात. एक, ती आणि तुझी मुलगी एकच, असा. दुसरा, 'तुझी असणं' हा तिचा एक गुण, असा. तिसरा, ती तुझ्यासाठी आहे, असा. मी बहुधा तिसऱ्या अर्थाने बोललो असेन. शिवाय ते वाक्य वर्तमानकाळातलं आहे. त्यात 'राहील' असा शब्द नव्हता. आपल्या परंपरेच्या भाषेत बोलायचं तर व्यवहारापुरतं ते खरं होतं. अंतिम अर्थाने कोणीच कोणाचं नसतं.

रागावशील, हे गृहीत धरलंय. राग ओसरला की लिही.

तुझा
दादा


१३ मे

दादा,

बसून वाचलं. ह्यांनाही जवळ बसवलं. ह्यांनी पत्र टेबलावर ठेवलं, मागच्या खोलीत गेले आणि प्लास्टर कालवत राहिले. कुठलं काम नव्हतं. नुसतंच कालवलं आणि घट्ट झाल्यावर टाकून दिलं.

तू माझा केसाने गळा कापलास. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे तुझ्या अर्थांच्या भानगडीत ते राहून जायला नको. मी कारकुनाशी भांडून जो दाखला आणला तो तू माझ्याच हातून घेतलास, माझीच मुलगी न्यायला. चोराला निदान कुलूप तोडावं लागतं.

तुझे तीन अर्थ मी वाचले. मी अडाणी नाही, मला कळतात. पण एक सांग, बाळ माझ्या मांडीवर ठेवताना तू अर्थ निवडून ठेवला होतास का? वहिनींना ताप होता, खोलीत औषधाचा वास होता, मी हात पुसत होते कारण ते ओले होते. तू म्हणालास, "ही तुझीच आहे." मी विचारलं, "नक्की?" तू म्हणालास, "नक्की." हा 'नक्की' कितव्या अर्थाचा? तो तुझ्या पत्रात कुठे दिसला नाही. आणि वर्तमानकाळाचं म्हणशील, तर सूर्य पूर्वेला उगवतो हेही वर्तमानकाळातच बोलतात. त्यावर विसंबून लोक उद्या उठतात ना.

त्या वेळी मी म्हटलं होतं, वकिलाकडे जाऊन रीतसर करून घेऊ. तू हसलास. भावाबहिणीत कागद कसले, म्हणालास. मला वाटलं हे तुझं मोठेपण. मी ते चार लोकांत सांगत फिरले.

नावाने काही फरक पडत नाही असं तू लिहितोस. मग बदललंस कशाला? राहू द्यायचं होतं मला आई. तुला तर फरक पडणार नव्हता. ज्याला मडकं आणि माती एकच, त्याने दुसऱ्याचं मडकं उचलून न्यायला एवढी खोटी पत्रं लिहावीत का? तुला नाव हवं होतं, दादा. चांगलंच हवं होतं. फक्त मी मागितलं की ते नुसतं नाव होतं.

पाच अंश तूच मला शिकवलेस. आहे, भासते, प्रिय आहे, हे कधी जात नाहीत. तू तिसरा गाळून टाकलास. ती माझ्याकडे आहे म्हणून ती मला प्रिय नव्हती. ती मला प्रिय होती म्हणून ती होती. तिच्या पहिल्या तापात तीन रात्री मी श्वास मोजत बसले, तेव्हा ती असावी म्हणून कोणी जीव टाकला? अंतिम अर्थाने कोणी कोणाचं नसेल, पण अंतिम अर्थाने कोणी दूधही गरम करत नाही. ते करायला कुणीतरी कुणाचं असावं लागतं.

तिला तुम्ही सांगितलंत. मी तिथे नसताना. ती रडली तेव्हा मी तिथे नसताना. हे मी तुला कधीही माफ करणार नाही, आणि यात कसलाही दुसरा अर्थ नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं येतो आहोत.

(सही करवत नाही.)


१८ मे

धाकटे,

येऊ नका. दारात तमाशा झालेला मला चालणार नाही आणि मुलीलाही सोसणार नाही. तिच्या जन्माच्या नोंदीवर माझं नाव आहे, शाळेतही आहे. तू आलीस तर मला हे सगळं तुझ्यापुढे ठेवावं लागेल, आणि ते मला करायचं नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रागात लिहिलंयस, पण काही वाक्यं विलक्षण आहेत.

तू समजतेस तसा मी दगड नाही. तिला खरं सांगितलं त्याच दिवशी भिंगरीने मला विचारलं, "मग मी नक्की कुणाची आहे?" मला तिला खोटं सांगायचं नव्हतं, तुझ्या बाजूचंही नाही आणि आमच्या बाजूचंही नाही. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "बाळा, तू कुणाचीच नाहीस. तू आहेस. बस, एवढंच." दोन्हीकडच्या विचारवंतांनी जिथे पोचायला आयुष्यं घालवली ते मी सात वर्षांच्या मुलीला एका वाक्यात दिलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग शांतपणे आत गेली. तेव्हापासून तिने एकदाही हट्ट केलेला नाही.

थोडे दिवस जाऊ दे. सगळं जागेवर येईल.

दादा


२ जून

वन्सं,

माझं पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि त्याचं कारण मला आज लिहायचंय.

तुमचं तेरा तारखेचं पत्र मी वाचलं. चोरून नाही. ह्यांच्या टेबलावर, प्रकरण तीनच्या फायलीत ठेवलेलं होतं. दूध गरम करण्याच्या वाक्याखाली रेघ होती. मला वाटलं, मनाला लागलं असेल म्हणून ओढली. समासात लिहिलं होतं, 'उदाहरण म्हणून घेणे'.

तुम्ही लिहिलंय, हे तुम्हाला म्हणाले, "ही तुझीच आहे." मला त्याच दिवशी, त्याच खोलीत, तुम्ही दुपटं घेऊन बाहेर गेल्यावर म्हणाले, "काळजी करू नकोस, ती आपलीच आहे. तुला बरं वाटेपर्यंत धाकटीकडे राहील." माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. मला बाळाकडे बघवत नव्हतं, रडू थांबत नव्हतं. मी मान हलवली. पण नंतर मी बरी झाले, वन्सं. बरी झाले आणि म्हटलं, आता आणू या. हे म्हणाले, धाकटीला तोडवत नाही, एवढं वर्ष जाऊ दे. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मी समजले की तुम्ही माझं मूल दाबून बसला आहात. तुमच्या घरी आम्ही यायचो तेव्हा ती मला मामी म्हणायची आणि तुम्ही हसायचात. ते हसणं मी किती वर्षं मनात घेऊन वावरले हे तुम्हाला सांगता येणार नाही. तुमची पत्रं आली की मी खोलीतून उठून जायची.

या वर्षी मी हट्ट धरला. पोर आणा, नाहीतर मी माहेरी जाते, म्हटलं. तेव्हा ह्यांनी तिला सुट्टीत पाठव म्हणून तुम्हाला पत्र लिहिलं. म्हणजे तुम्हाला सांगायचं कारण मी, आणि मला सांगायचं कारण तुम्ही.

मी काल ह्यांना विचारलं, दोघींना एकच मूल कसं दिलंत? तर म्हणाले, "दोन्ही वाक्यं त्या त्या वेळी खरी होती." मग लिहायला बसले.

मला मुलगी हवी होती. अजून हवी आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण जी मुलगी इथे आली होती ती आता या घरात नाही. सांगितलं तेवढं करते. पुढ्यात ठेवलं ते भराभर संपवते. मी तिला आई म्हणायला शिकवलं, ती म्हणते, आणि ते ऐकून मला माझीच शरम वाटते.

येत्या रविवारी दुपारच्या गाडीने मी तिला घेऊन येते. हे आपल्या खोलीत आहेत, त्यांना सांगितलंय, त्यांनी मान हलवली. मी तिला तुम्हाला देत नाही. माझं मूल मी कुणाला देणार नाही. मी तिला तिच्या घरी पोचवते आहे. यातला फरक तुम्हाला कळेल असं वाटतं. मलाही दोन दिवस राहू द्या.

तुमची
वहिनी


२० जून

दादा,

वहिनी परत आल्या असतील किंवा नसतील. इथून निघताना कुठे जाणार हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दोन दिवस त्या राहिल्या. पहिला दिवस आम्ही एकमेकींची नजर चुकवण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसल्या आणि दात निवडायला लागल्या. मग बोललो. तू आम्हा दोघींच्या मध्ये सात वर्षं उभा होतास आणि दोघींना वाटत होतं की तू आपल्या बाजूने तोंड करून उभा आहेस. त्यांना मी कैदाशीण वाटत होते. मला त्या गर्विष्ठ वाटत होत्या. दोघींनी तुझी कीव केली, बिचारा कात्रीत सापडलाय म्हणून. तुझ्यावर रागावून मी मोकळी तरी होईन, दादा. वहिनींवरची जी माया मला कधी करताच आली नाही ती आता कुठून आणू?

तुझ्या मनात येईल की पोर परत मिळाली, आता काय राहिलं. त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. नाहीतर लिहिणार नव्हते. तिच्यासमोर ओढाताण नको म्हणून त्या शनिवारीही आम्ही आलो नाही.

भिंगरी गाडीतून उतरली ती बूट घट्ट बांधून. ह्यांनी तिला उचलून घेतलं. तिने उचलू दिलं. घरात आल्यावर चपला-बूट ठेवायच्या जागेपाशी थांबून राहिली, आत ये म्हटल्यावर आली. नवीन दप्तर दाखवलं. "छान आहे," म्हणाली आणि हात न लावता उभी राहिली. मी म्हटलं, अगं, तुझं आहे. तर माझ्याकडे असं बघितलं की मी दप्तर उचलून खुंटीला लावलं. हा शब्द तिच्या कानावर किती जणांनी घातला असेल.

ती मला आई म्हणत नाही. आत्याही म्हणत नाही. हाकच मारत नाही. काही हवं असलं की येऊन समोर उभी राहते आणि मी मान वर करेपर्यंत थांबते. मी कामात असले, पाठ वळलेली असली, तर तशीच थांबते. पूर्वी दोन खोल्या पलीकडून ओरडायची, शेजारी तक्रार करायचे.

सुरुवातीला मला वाटलं, होईल. मूल आहे, विसरेल. हेही तेच म्हणतात. मोठ्याने म्हणतात, म्हणजे ह्यांना स्वतःला ऐकू जावं. आम्ही तिला सांगितलं की आई मीच, जन्म मामीने दिला आणि दोघींनाही तू हवी आहेस. तिने ऐकून घेतलं. विचारलं काही नाही. तूच लिहिलं होतंस, तेव्हापासून तिने हट्ट केलेला नाही. तुला ते समजूतदारपण वाटलं. मूल हट्ट कुणापाशी करतं, दादा? ज्याचं ते असतं त्याच्यापाशी. तू तिला सांगितलंस की तू कुणाची नाहीस. तिने ते खरं मानलं. तुझ्या वर्गातल्या एकाही पोराने तुझं कधी इतकं ऐकलं नसेल.

काल दुपारी मी ओट्यावर मेण वितळवत होते. किती वेळ कोण जाणे, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी बघितलं आणि म्हटलं, काय गं? पाण्याचं भांडं तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. जन्मल्यापासून ती त्याच भांड्यातून पाणी पीत आली आहे. ती म्हणाली, "मी पाणी पिऊ का?"

मी म्हटलं, पी की. तिने पेला भरला, पाणी प्याली, पेला विसळून पालथा घातला. मग माझ्याकडे वळून मला "थँक्यू" म्हणाली.